पाचशेचं चलान: भरायचं की भांडायचं?

लोकअदालतीचे मेसेज पुन्हा मोबाईलवर यायला लागलेत. टपरीवर पुन्हा तीच चर्चा: "थांब की, निम्म्यात मिटतंय." माझं मत आधीच सांगून टाकतो. चूक केली असेल तर आजच पूर्ण भरा. केली नसेल तर एक रुपयाही भरू नका, निम्म्यातसुद्धा नाही.

आपल्या मंडईतल्या एका भाजीवाल्याच्या छोट्या हत्तीवर चलान आलंय, हेल्मेट न घातल्याचं! चारचाकीत हेल्मेट. फोटो उघडला तर त्यात मोटारसायकल, नंबरात शेवटचा आकडा ३ की ८ ते दिसत नाही. ज्या शहरातलं चलान आहे, तिथे हा माणूस ती गाडी घेऊन कधी गेलेलाच नाही. दंड पाचशे. तो मला म्हणाला, "दादा, तिकडं खेटे घालायचे तर एका दिवसाचा बाजार बुडतो. भरून टाकतो, पीडा जाईल."

त्याचा हिशेब बरोबर आहे, आणि चीड त्याचीच येते. खरं बोलायला पाचशेपेक्षा जास्त खर्च येत असेल तर गरीब माणूस न केलेला गुन्हा मान्य करून मोकळा होणार. यंत्रणेच्या खात्यात मात्र "वसुली झाली" अशी नोंद.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली आपण जे भरतो ते तडजोड शुल्क असतं. म्हणजे आरोप तसाच राहतो, फक्त कोर्टात न जाता पैसे देऊन तुम्ही तो मिटवता. लोकअदालतीतही साक्षीपुरावे तपासून निकाल लागत नाही, समझोता होतो, आणि त्यावर अपील नाही. तिला दंडाचा सेल समजून रांगेत उभे राहणारे निर्दोष लोक पाहिले की वाईट वाटतं.

आता सरकारची बाजू बघा. कॅमेऱ्यावर धरलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम १६७-अ आणला. नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची, फोटोत नंबरप्लेट, ठिकाण, तारीख-वेळ हवी, प्रकरण मिटेपर्यंत पुरावा जपायचा. आपल्याकडे चलान कळतं कधी? गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर नाक्यावर पोलिसाने मशीनमध्ये नंबर टाकल्यावर. (आरसीवर दहा वर्षांपूर्वीचा बंद मोबाईल नंबर ठेवणारे आपणही आहोतच, तो आधी बदला.) स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून मागाहून चलान टाकू नका, असं पोलिसांना २०२५ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं. त्याच वर्षी जुलैत वाहतूकदारांनी ई-चलानवरूनच संप केला. म्हणजे हे रडगाणं एकट्या भाजीवाल्याचं नाही.

हे वाचून ट्रिपल सीट हिंडणाऱ्या, कानाला फोन लावून एसटी स्टँडसमोरून गाडी दामटणाऱ्या पोरांनी उड्या मारू नयेत. तुमचं चलान योग्यच आहे. भरा, आणि त्यासाठी नगरसेवकाला फोन लावू नका. ई-चलान आल्यावर चौकातली चिरीमिरी कमी झाली, हेही मी पाहिलंय. यंत्र नको असं मी म्हणत नाही. यंत्र चुकलं तर ऐकून घेणारा माणूस समोर हवा.

चलान चुकीचं असेल तर आधी महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार आकडे टाकून फोटो बघा. स्क्रीनशॉट घ्या. अॅपवर तक्रारीची सोय आहे, तिथे आरसी आणि आपल्या गाडीचा समोरून काढलेला फोटो जोडा. शिवाय वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तरीही ऐकलं नाही तर कोर्टात दाद मागा. हां, मधल्या काळात गाडी विकायची असेल तर हे चलान आडवं येणार, ते धरून चाला.

आणि हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी का? आठवड्यातून एक दिवस आपल्याच पोलीस ठाण्यात, चलान रद्द करायचा अधिकार असलेला अधिकारी दोन तास बसवा. दुसऱ्या शहरातलं चलान असेल तर व्हिडिओ कॉल लावा. वसुली ऑनलाइन जमते, तर सुनावणी का जमू नये?

भाजीवाल्याला सध्या पैसे भरण्यापासून थांबवलंय, अर्ज लिहून दिलाय. तिसऱ्या सोमवारी तहसीलमध्ये तालुका लोकशाही दिन असतो, तिथे ही मागणी लेखी देणार आहे. ज्यांच्याकडे असली चुकीची चलानं आहेत त्यांनी रविवारपर्यंत मला इनबॉक्समध्ये पाठवा. फोटो स्पष्ट हवा. ज्यांची बरोबर आहेत त्यांनी कृपया पाठवू नयेत, मागच्या वेळी निम्मी तसलीच आली होती.