निमूट केलेली खूण

कर्मचारी बदलास विरोध करतात, हे व्यवस्थापनाचे आवडते निदान आम्हांस मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची सुरक्षा-यादी दिली. दिल्ली, लंडन आदी आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २०१० पासून अशा यादीच्या पालनाचे आकडे जाहीर करणे सक्तीचे झाले. आकडे शंभरीला टेकले; परंतु १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही.

परिचारिकेने मोठ्याने विचारावे, "रुग्ण कोण, बाजू कोणती?" आणि शल्यचिकित्सकाने हात थांबवून उत्तर द्यावे, हा यादीचा प्राण होय. जेथे हा प्रश्न उद्धटपणा ठरतो, तेथे ती मुकाट्याने खूण करते. (अशा खुणांकडे आम्हीही काणाडोळा केला आहे.)

हर्स्कोविच व मेयर यांनी २००२ साली बदलाविषयीच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले : पटले म्हणून, कर्तव्य म्हणून, आणि न स्वीकारल्यास नुकसान होईल म्हणून. नुसत्या परिपत्रकाने मिळते ती बहुधा तिसरी. वाचकहो, आपल्या घरांतही अशी परिपत्रके येतात. ती धाडून वर कर्मचाऱ्यांना हटवादी म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक दिवस शस्त्रक्रियागृहात उभे राहावे, आणि त्या परिचारिकेला कोण काय उत्तर देतो, ते ऐकावे.