एफ-वन, डिश आणि देवगोईचा घाट

सीझन संपला की आपल्याकडच्या एफ-वनवाल्यांचे वाद ठरलेले असतात. २०२१ ला अबू धाबीत मायकेल मासीने फक्त पाचच गाड्या पुढे सोडल्या ते बरोबर की चूक? २०२५ ला मोंझात मॅक्लारेनने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितली, तो न्याय की अन्याय? नॉरिस ४२३ विरुद्ध ४२१ असा दोन गुणांनी जिंकला, मग खरा चॅम्पियन तो, की एका टप्प्यावर आघाडीपासून १०४ गुण मागे असूनही शेवटपर्यंत झुंजलेला व्हर्स्टॅपन? मीही या भांडणात हिरिरीने उतरतो. लंच टाइम त्यातच जातो.

पण या सगळ्यात एक वाक्य हमखास येतं आणि तिथे माझं डोकं फिरतं. "अरे, आता एका कॉफीच्या पैशात रेस बघायला मिळते. अजून काय पाहिजे?"

मंडळी, आज या कॉफीवाल्या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे. कारण हे वाक्य बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असतो. वाकडला किंवा पवईला राहणारा, घरी फायबर असलेला, रविवारी संध्याकाळी बीन बॅगवर पसरलेला. म्हणजे तो स्वतःच.

आधी थोडा इतिहास, कारण तो फार लवकर विसरला गेलाय. २००० च्या दशकात एफ-वन आपल्याकडे ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सवर यायचं. स्टीव्ह स्लेटरचा आवाज त्या पिढीला अजून आठवत असेल. २००५ ला नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीतून उतरला, आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनच्या टायरवाल्या सगळ्या टीम फॉर्मेशन लॅपनंतर पिटमध्ये वळल्या. सहाच गाड्या धावल्या आणि आपला माणूस चौथा आला. हसायचं की टाळ्या वाजवायच्या हेच कळेना, पण गुण मिळाले आणि घराघरात नाव पोचलं. २००८ ला फोर्स इंडिया आली. २००९ ला स्पाला फिसिकेलाने पोल घेतली आणि दुसरा आला. ३० ऑक्टोबर २०११ ला बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रांप्री झाली आणि तिचा चेकर्ड फ्लॅग आपल्या सचिनने फडकवला.

हे सगळं बघायला लागायचं काय? एक टीव्ही, एक डिश आणि त्या चॅनेलचं रिचार्ज. फुकट नव्हतं, हे खरं. पण ती डिश पुण्याच्या गच्चीवर जशी चालायची तशीच मोलगीच्या पत्र्यावरही चालायची.

मोलगी कुठे, हे विचाराल म्हणून सांगतो. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून सातपुड्यात शिरलं की मोलगी लागतं. आमचूरचा मोठा बाजार, होळीला ढोल आणि आजूबाजूला डोंगरात विखुरलेले पाडे. मी तिथला. २००८ ची ब्राझीलची रेस मी तिथेच बघितली, एका दुकानदार काकांच्या घरी, आठ-दहा पोरांच्या घोळक्यात. इंग्रजी समालोचनातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. पण पाऊस सुरू झालाय आणि त्या टोयोटावाल्या ग्लॉकने कोरड्या रस्त्याचेच टायर ठेवलेत, एवढं चित्रावरून समजलं. त्यापुढचं कुणी समजवायची गरजच नव्हती. पावसाळ्यात गुळगुळीत टायरवर देवगोईचा घाट उतरणं काय असतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. शेवटच्या वळणांवर हॅमिल्टन ग्लॉकच्या पुढे गेला, एका गुणाने चॅम्पियन झाला आणि त्या घरात जो गलका झाला तो खराखुरा होता.

आता पुढे या. २०२२ नंतर एफ-वन स्टार स्पोर्ट्सवरून गेलं. २०२३ चा अख्खा सीझन भारतात टीव्हीच्या एकाही चॅनेलवर नव्हता. एफ-वनचं स्वतःचं ऍप घ्या, नाहीतर सोडून द्या. व्हर्स्टॅपनने २२ पैकी १९ रेस जिंकल्या तो हाच सीझन. पुष्कळांनी म्हटलं, बरं झालं नाही दिसला, बोअर होता! विनोद ठीक आहे, पण त्या वर्षी जे प्रेक्षक तुटले ते व्हर्स्टॅपनमुळे तुटले नाहीत. त्यांच्या घरातला चॅनेल गेला म्हणून तुटले. २०२४ पासून हक्क फॅनकोडकडे आले. त्यांनी एकेका रेसचाही पास ठेवला, किंमत आवाक्यात ठेवली, हे मान्य करायलाच हवं. पण फॅनकोड म्हणजे मुळात ऍप. आणि ऍप म्हणजे नेटवर्क.

इथे जरा गणित करू, आपला धंदाच तो आहे. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ धरा ५ एमबीपीएस. दोन तासांची रेस म्हणजे ७२०० सेकंद. गुणाकार केला की साडेचार जीबी होतात. गावाकडच्या माणसाकडे असतो दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा मोबाईल पॅक. दोन जीबी संपायला लागतात ५३ मिनिटं. म्हणजे दुसरा पिट स्टॉप दिसायच्या आत पॅक खल्लास. क्वालिटी कमी करून दीड एमबीपीएसवर बघितलं तर साधारण १.३५ जीबीत भागतं, पण त्यासाठी दोन तास सलग रेंज हवी. सातपुड्यात असे पाडे आहेत जिथे फोन लावायचा तरी टेकडी चढावी लागते. तिथे कॉफीच्या पैशाचा मुद्दाच येत नाही. पैसे खिशात असले तरी रेस दिसणार नाही.

डिश आणि ऍप यांत फरक फक्त स्क्रीनच्या आकाराचा नाहीये. उपग्रहाचा सिग्नल एकदा खाली आला की तो एकाने घेतला काय आणि एक कोटीने घेतला काय, उपग्रहाला फरक पडत नाही. आकाश मोकळं असलं की झालं. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो आणि शेवटचा टॉवर कमजोर असेल तर तिथेच सगळं अडतं. एकाच वेळी सगळ्यांना एकच गोष्ट दाखवायची असेल तर त्या कामाला टीव्ही हे जास्त चांगलं इंजिनिअरिंग आहे. आपण मात्र नवं म्हणजे पुढचं असं धरून चालतो.

आता दुसरा ठरलेला प्रश्न. "पण मोलगीत एफ-वन बघतं कोण?"

च्यायला, पोटातून फॅन होऊन कोण येतं? पुण्यात तरी १९९० च्या आधी किती लोक बघत होते? खेळ दिसला म्हणून लोक बघायला लागले. आणि शर्यत कळायला आपल्या माणसाला शिकवणी लागत नाही. आमच्याच जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांची केवढी यात्रा भरते. इकडे जुन्नर-खेडच्या घाटात बैलगाडा एकेकटा सुटतो आणि निकाल सेकंदावर लागतो. ती क्वालिफायिंग नाही तर काय आहे? २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. एवढी वर्षं सेकंदासाठी कोर्टात भांडलेल्या राज्याला म्हणे टायमिंगचा खेळ कळणार नाही!

पुढे कुणीतरी म्हणतं, गावातला पोरगा थोडाच ड्रायव्हर होणार, कार्टिंगलाच लाखो लागतात. खरंय, लागतात. पण एका ड्रायव्हरच्या मागे शेकडो इंजिनिअर, मेकॅनिक, वेल्डर असतात हे आपणच एकमेकांना सांगत असतो ना? कोइमतूरच्या करी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला जाऊन बघा. कॉलेजची पोरं स्वतः चॅसी वेल्ड करून उघड्या चाकांची गाडी उतरवतात. त्यातल्या किती जणांना ही खाज पहिल्यांदा टीव्हीमुळे लागली असेल, विचारून पाहा.

आता प्रक्षेपणात दाखवतात काय, तेही बघू. ऑक्टोबर २०२५ चं सिंगापूर आठवा. शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टनचे ब्रेक गेलेले, मागून अलोन्सो धडाधड अंतर कापत येतोय. त्या रेसमधला सगळ्यात थरारक तुकडा तो, आणि थेट प्रक्षेपणात तो धड दिसलाच नाही. नंतर सेंझने जाहीर तक्रार केली की ड्रायव्हरांच्या मैत्रिणी आणि सेलिब्रिटी दाखवण्याच्या नादात रेस सुटते. त्यावर आपल्याकडे सगळ्यांनी मिळून बोंब मारली. बरोबरच केलं. पण याचा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. हे असं दाखवतात ते कुणासाठी? गॅरेजमधला पाहुणा कोण हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी. मोलगीतल्या पोराला तो पाहुणा कोण हे माहीत नसतं, ब्रेक फेल झालेली गाडी मात्र लगेच कळते. खेळ दाखवला तर तो सगळ्यांचा होतो आणि चेहरे दाखवले तर ओळखणाऱ्यांपुरता उरतो. टीव्हीवरून ऍपवर जाणं आणि ट्रॅकवरून गॅरेजकडे कॅमेरा वळणं, दोन्हीमागे प्रेक्षक एकच धरलेला आहे.

भाषेचंही तेच. २०२३ ला आयपीएल जिओसिनेमावर मराठीत आलं. त्याच्या कितीतरी आधी बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत ऐकवलं होतं. तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल की क्रिकेट मराठीत कसं वाटेल. छान वाटलं. आमच्याकडे तर घरात भिली, पावरी बोलतात, मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्याच्याही नंतर. त्यांना 'अंडरकट' इंग्रजीतून समजवायला निघालात तर झालंच. 'पुढच्याच्या आधी टायर बदल, ताज्या टायरवर जोरात पळ आणि तो पिटमधून बाहेर यायच्या आत त्याच्या पुढे जा', हे मराठीत एका वाक्यात होतं.

आणि आता आपल्याच लोकांना एक आठवण. २००९ ला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय ग्रांप्रीच्या बाबतीत भूमिका घेतली होती की एफ-वन हा खेळ नाही, व्यावसायिक मनोरंजन आहे. तेव्हाचे फॅन केवढे खवळले होते! एफ-वन हा खेळच आहे, ड्रायव्हरच्या मानेवर किती जी येतात बघा, वगैरे वगैरे. मग आज आपण काय म्हणतोय? "पैसे भरा, नेट लावा, नसेल तर नका बघू." हे मल्टिप्लेक्सच्या तिकिटाबद्दल बोलतात तसं बोलणं झालं. त्या मंत्रालयाचं म्हणणं आपणच खरं करून दाखवतोय.

मागणी काही अवाढव्य नाही. सगळ्या रेस फुकट द्या असं मी म्हणत नाही. हक्कांना पैसे पडतात, ते वसूल व्हायलाच हवेत. ब्रिटनमध्ये २०१९ पासून थेट प्रक्षेपण बहुतेक सगळं स्कायकडे गेलं, तरी चॅनेल फोरवर फुकट हायलाइट्सची सोय ठेवली गेली. आपल्याकडे २००७ चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायला लावतो. त्या यादीत एफ-वन नाही, आणि ते असावं असा माझा हट्टही नाही. पण रेसनंतर एक तासाचे हायलाइट्स डीडी फ्री डिशवर, हिंदी किंवा मराठी समालोचनासह, एवढं करार करताना घालता येतं. ऍपवाल्यांनी नुसता आवाज तरी द्यावा. ६४ केबीपीएसवर दोन तासांचं समालोचन ५८ एमबीत बसतं. दोन-चार मिनिटं रेंज गेली तरी माणूस परत जोडला जातो. एका पिढीने अख्खं क्रिकेट कानांनी बघितलंय, एफ-वनही बघेल.

यात फॅनकोडचाही तोटा नाही. आज हायलाइट्स बघणारा उद्या नोकरीला लागला, शहरात आला की पास घेतोच. मी घेतो. पण मला ही सवय डिशने लावली, ऍपने नाही. आज मोलगीत दहा वर्षांचा जो पोरगा आहे त्याला ती सवय लागणारच नसेल, तर दहा वर्षांनी पास विकणार कुणाला?

जर्मनीकडे बघा. शूमाखरचा आणि व्हेटेलचा देश. २०२० पर्यंत आरटीएलवर सगळं फुकट दिसायचं, २०२१ पासून बहुतेक सगळं पैसेवाल्या चॅनेलवर गेलं आणि प्रेक्षक घसरले. व्हेटेल निवृत्त झाला हेही एक कारण आहेच. पण हिरो जातात तेव्हा पुढचा हिरो येईपर्यंत खेळ धरून ठेवतो तो टीव्हीसमोर सवयीने बसणारा माणूस, आणि त्यालाच त्यांनी उठवलं होतं. आपल्याकडे तर आत्ता हिरोही नाही आणि २०१३ नंतर रेसही नाही. उरलाय फक्त प्रेक्षक.

तेव्हा पुढच्या वेळी मासी, मोंझा आणि पपाया रूल्सवर भांडून झालं की दोन मिनिटं काढा आणि प्रक्षेपणवाल्यांकडे फ्री डिशच्या हायलाइट्सची मागणी करा. मॅक्लारेन आपलं ऐकून जागा बदलणार नाही. इथले हक्क विकणारे आणि विकत घेणारे मात्र गिऱ्हाइकाचं ऐकतात, आणि गिऱ्हाईक आपण आहोत.