कंपनीची खाती आणि खात्यांच्या भिंती

कोणत्याही मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये जा. तेथे कंपनीच्या रचनेचा एक तक्ता असतो. सर्वात वर संचालक मंडळ, त्याखाली कार्यकारी प्रमुख, त्याखाली उत्पादन, खरेदी, विक्री, हिशेब, गुणवत्ता तपासणी, देखभाल, मनुष्यबळ अशी खाती. प्रत्येक खात्यात अधिकारी, सुपरवायझर, ऑपरेटर, हेल्पर अशा पायऱ्या. व्यवस्थापनशास्त्र सांगते की ही विभागणी कामाच्या सोयीसाठी आहे. सगळे काम एकाला येत नाही, म्हणून वाटून घ्यायचे. त्यात वावगे काहीच नाही. परंतु त्या तक्त्यावर दोन गोष्टी कधीच लिहिलेल्या नसतात. कोणत्या चौकटीत कोणत्या समाजाची माणसे बसली आहेत? आणि खालच्या चौकटीतून वरच्या चौकटीत जाण्याचा दरवाजा उघडा आहे की बंद?

हे दोन्ही प्रश्न परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच नाशिक जिल्ह्यात विचारले होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातील सूत्र चळवळीतील प्रत्येकाला पाठ आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेच्या कारभाराचा खातेनिहाय पंचनामा केला होता, तिकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

काय होता तो पंचनामा? अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला स्टेशनवर साधा हमालही होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करून घेतो आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्य घरात चालत नाही. कारकुनाच्या जागांवर मॅट्रिक न झालेले इतर समाजाचे लोक शेकड्यांनी घेतले जातात, पण मॅट्रिक झालेल्या अस्पृश्य मुलांना दारातूनच परत पाठवले जाते. कारखान्यात तो कुली असतो. मेकॅनिकच्या किंवा फोरमनच्या जागेवर तो कधी दिसत नाही. एकाच रेल्वेत, एकाच मालकाच्या पगारपत्रकावर या कामगारासाठी एक खाते उघडे आणि बाकीची बंद होती.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच चित्र होते. सूतकताईत अस्पृश्यांना काम मिळे, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना पाय ठेवता येत नसे. कारण काय, तर धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे धोटा विटाळतो! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी विणकाम खाते सर्वांना खुले करा ही मागणी लावून धरली. यंत्र विलायतेहून आले, भांडवल शेटजींचे आले, पण खात्याची भिंत मात्र गावकुसाचीच उचलून आणली गेली. म्हणूनच १९३६ साली जातिसंस्थेवर लिहिताना बाबासाहेबांनी बजावले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी करते. कंपनीच्या रचनेकडे पाहण्याची कसोटी आजही हीच आहे. खाती कामानुसार पडली असतील तर ती सोय, आणि जन्मानुसार पडली असतील तर तो गावगाडा.

हा आजार फक्त भारतापुरता आहे असे समजू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर या कंपनीचे वीजनिर्मिती केंद्र होते. त्यात पाच खाती होती : मजूर, कोळसा हाताळणी, संयंत्र चालवणे, देखभाल आणि प्रयोगशाळा. काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात घेतले जाई. त्या खात्यातील सर्वात वरचा पगार इतर चार खात्यांतील सर्वात खालच्या पगारापेक्षाही कमी होता. पुढे नोकरीत वंशभेद करण्यास मनाई करणारा कायदा आला. तो ज्या दिवशी अंमलात आला त्याच दिवशी, २ जुलै १९६५ रोजी, कंपनीने चांगल्या खात्यांतील नव्या भरतीसाठी दोन बुद्धिमापन चाचण्या लावल्या. शालान्त प्रमाणपत्राची अट तर होतीच. गोऱ्यांमधील कित्येक जण त्या प्रमाणपत्राविना, त्या चाचण्यांविना वर्षानुवर्षे तीच कामे व्यवस्थित करीत होते! विली ग्रिग्ज आणि त्यांचे १२ सहकारी न्यायालयात गेले. ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, ज्या अटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध नाही आणि जिच्यामुळे एक समाज बाहेर राहतो, ती अट बेकायदेशीर आहे. मालकाचा हेतू चांगला होता, हे उत्तर चालणार नाही.

मनमाड आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. रेल्वेत पात्रता असूनही आमच्या मुलांना नाकारले, कारण तिथे पात्रतेला किंमत नव्हती. ड्यूक पॉवरमध्ये पात्रतेची अट नव्याने उभी केली, कारण तिथे कायदा आला होता. गुणवत्ता नावाचा हा दगड मालकाच्या सोयीने कधी दारात आणून ठेवला जातो, तर कधी बाजूला सारला जातो.

आता सातपूर, अंबड, सिन्नरकडे वळू. नाशिकच्या कारखानदारीने हजारो घरांत चूल पेटवली, हे मान्यच केले पाहिजे. कोणा एका कंपनीवर येथे बोट ठेवायचे नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. पहिल्या पाळीच्या वेळी कोणत्याही मोठ्या गेटवर उभे राहा. कंपनीचा गणवेश आणि ठेकेदाराचा गणवेश असे दोन रंग आत जाताना दिसतील. साफसफाई, माल चढवणे-उतरवणे, पहारा, बागकाम ही कामे करणारा माणूस कंपनीच्या रचनेच्या तक्त्यातच नसतो. पूर्वी तो सर्वात खालच्या चौकटीत होता. आता ती चौकटच पुसून टाकली आहे. पायरीच नाही, तर बढती कोठून येणार? ठेका बदलला की त्याची दहा वर्षांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

याला आता कायद्याचाही आधार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० च्या संहितेने आस्थापनेच्या मुख्य कामात, काही अपवाद वगळता, कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. ऐकायला हे चांगले वाटते. पण मुख्य काम कोणते नाही, याचीही यादी तिथेच दिली आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, हाऊसकीपिंग व धुलाई. तोच ज्या आस्थापनेचा धंदा नाही, तिथे ही कामे मुख्य धरली जात नाहीत. ही यादी सावकाश वाचा. गावाची वेस राखणारा वेसकर कोण होता? पाटलाची, सरकारची ओझी डोक्यावर कोण वाहत होते? गावची घाण कोणाच्या माथी मारली होती? गावगाड्याने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याची कामे नव्या कायद्याने मुख्य कामाच्या बाहेर ठेवली. एक दिवस सफाई थांबली तर कारखाना चालेल काय? मग ते काम दुय्यम कसे?

तक्त्याच्या वरच्या टोकाला काय आहे? देशातील १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. ९०५२ संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के उच्च जातींचे आणि अनुसूचित जाती-जमाती मिळून अवघे साडेतीन टक्के. मधल्या दारावर मनुष्यबळ खाते बसलेले असते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्च जातीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली. म्हणजे खाली ठेकेदार, मध्ये आडनाव आणि वर नातेगोते!

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा ओझरच्या एचएएलमध्ये निदान बिंदुनामावली आहे. अन्याय झाला तर कोणत्या बिंदूवर झाला हे बोट ठेवून दाखवता येते. खाजगी कंपनीत अन्यायाचा कागदच तयार होत नाही. २००६ साली उद्योजकांच्या संघटनांनी सरकारला स्वेच्छेने सामाजिक न्याय करण्याचे वचन दिले होते. स्वेच्छेच्या वचनाला हिशेब नसतो. २०२२-२३ पासून सेबीने १००० मोठ्या कंपन्यांना व्यवसाय दायित्वाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्रिया किती, अपंग किती, कायम किती, कंत्राटी किती हे सांगावे लागते. ही चांगलीच गोष्ट आहे. मग अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय कोणत्या खात्यात किती, हा रकाना त्यात का नाही? ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. घराघरात जात मोजता येते, तर खात्याखात्यात मोजायला काय हरकत आहे?

उद्योजक म्हणतील, धंदा आमचा, रचना आमची. पण एमआयडीसीची जमीन शेतकऱ्यांकडून सरकारने संपादित केली, रस्ते आणि पाणी जनतेच्या पैशातून आले. जनतेचे घेताना कंपनी सार्वजनिक आणि नोकरी देताना खाजगी, हा न्याय चालणार नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. खातेनिहाय आणि पदनिहाय सामाजिक प्रमाण दरवर्षी जाहीर करा. त्यात ठेकेदाराची माणसेही मोजा. प्रत्येक खालच्या खात्यातून वरच्या खात्यात जाण्याची लेखी वाट ठेवा आणि त्यासाठीची अट त्या कामाशी संबंधित असू द्या. ठेका बदलला तरी कामगाराची सेवा अखंड धरा. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा लढा चालूच राहील, पण तो आकड्यांशिवाय लढता येत नाही.

कामगार संघटनांतील आपल्या कार्यकर्त्यांचीही येथे जबाबदारी आहे. पगारवाढीच्या करारात रुपये मोजले जातात, भिंती मोजल्या जात नाहीत. मागणीपत्रात बोनसच्या खाली एक कलम घाला : कोणत्या खात्यात कोण, याचा तक्ता द्या. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली आपली माणसे उभी राहिली ती देवासाठी नव्हे, दार सर्वांचे आहे हे सांगण्यासाठी. कारखान्याच्या आतही अशी दारे आहेत. ती कोणती आणि कोणासाठी बंद आहेत, याची मोजदाद आपापल्या खात्यापासून सुरू झाली पाहिजे.