तिळगुळाबरोबर एक भेटकार्ड

येत्या १४ जानेवारीला मकर संक्रांत. बाजारात चिक्कीचा गूळ, पांढरे तीळ आणि काटेरी हलव्याच्या पुड्या आल्या आहेत, बोरन्हाणाच्या दागिन्यांची ऑर्डर देऊन झाली आहे आणि यंदा वाण काय लुटायचे याची चर्चा घरोघरी सुरू आहे. या लगबगीत एक वस्तू मात्र कुठे दिसत नाही. ती म्हणजे संक्रांतीचे भेटकार्ड.

पन्नाशी ओलांडलेल्या अनेक वाचकांना ते आठवत असेल. जानेवारी लागला की स्टेशनरीच्या दुकानांत आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर ही छोटी कार्डे येत. वर तिळगुळाची वाटी, पतंग किंवा हळदीकुंकवाची कोयरी, आत चार ओळींचे पद्य आणि खाली सहीपुरती जागा. पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकायचे, झाकण न चिकटवता आत खोचायचे आणि वर ‘बुक पोस्ट’ लिहायचे, कारण तसे तिकीट कमी लागे. परगावच्या आत्याला, बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांना, नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या भावाला ती जात. पोस्टाच्या शिक्क्याखाली हलव्याचा बऱ्याचदा भुगा होई आणि तो भुगाही बोटाने टिपून खाल्ला जाई. जिथे विकतच्या कार्डांना पैसे नसत, किंवा मुलांचे हात स्वस्थ बसत नसत, तिथे ती घरीच तयार होत. आज आम्हाला बोलायचे आहे ते या घरच्या कार्डांविषयी.

त्यांच्यासाठी संक्रांतीइतका सोयीचा सण दुसरा नाही. भिंतीवरचे गेल्या वर्षाचे कॅलेंडर नुकतेच उतरलेले असते. मार्गशीर्षातल्या लग्नांच्या पत्रिका कपाटावर साठलेल्या असतात. त्यांचा कागद जाड, घडीला टिकणारा आणि मागून कोरा. पतंगांचे दिवस असल्याने पतंगी कागदाचे तुकडे घरात मिळतात. मैद्याची खळ शिजवली की चिकटवण्याची सोय होते. आडवी कापलेली भेंडी रंगात बुडवून दाबली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. घडीच्या कागदात रंगवलेला दोरा ठेवून वरून तळहात दाबायचा आणि दोरा ओढून काढायचा, की दोन्ही बाजूंना एकसारखी वेल उमटते. पेन्सिलीला टोक करताना निघणारी चुणीदार साल गोल चिकटवली की शेवंती तयार. घडीवर दोन सारख्या चिरा देऊन मधली पट्टी आत ढकलली तर कार्ड उघडताच एक पायरी उभी राहते. तिच्यावर पतंग चिकटवायचा की तिळगुळाची वाटी, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हे करता करता मूल कागद ओळखायला शिकते, आणि ही ओळख पुस्तकातून होत नाही. कागदाला दिशा असते. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ आणि गुळगुळीत येते, तिच्या आडवी घातली तर जाड कागदाला घडीवर भेगा पडतात. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो निमूटपणे वाकतो ती घडीची बाजू. हातकागदाचे मात्र वेगळे. लगद्याच्या हौदातून चौकट उचलताना ती हलवतात, त्यामुळे तंतू चहूकडे विखुरतात आणि कागद कोणत्याही बाजूने जवळपास सारखाच वागतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून ती उभी राहिली, आणि सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तिथे कागद तयार होत आला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याने तर गावाच्या नावातच हा धंदा जपला आहे. शाळेच्या सहलींच्या यादीत पाण्याची उद्याने पुष्कळ असतात. मुलांना एकदा अशा ठिकाणी नेऊन लगद्यातून ताव उचलताना दाखवावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

संक्रांतीच्या हस्तकलेत कार्डाचे एक मोठे भावंडही आहे, ते म्हणजे हलव्याचे दागिने. परातीत तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवायची, साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. हवा कोरडी आणि थंड असेल तर दाण्यावर काटा फुलतो. याला घाई चालत नाही, आणि बोटे भाजल्याशिवाय हे काम होत नाही. मग पुठ्ठा कापून त्यावर जर आणि हलवा बसवून मुकुट, बाजूबंद, हार तयार करायचे. नव्या सुनेसाठी सासूने केलेला हा साज किंवा नातवाच्या बोरन्हाणासाठी आजीने केलेला हार एकाच अंगाच्या मापाने बनतो आणि एकच दिवस घातला जातो. इतकी मेहनत एका दिवसासाठी का, असा प्रश्न त्या बायकांना कधी पडला नाही. ज्याच्यासाठी करायचे तो माणूस डोळ्यांसमोर होता.

घरच्या कार्डाचे मोल आम्ही इथेच धरतो. ते सुंदर असते म्हणून ते हवे, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा ते सुंदर नसते. घडी तिरकी जाते, खळ बाहेर येते, शेवटची अक्षरे जागा न पुरल्याने एकमेकांवर चढतात. पण ते करताना पाऊण तास कोणीतरी एकाच माणसाचा विचार करत होते. आत्याला कोणता रंग आवडतो, काकांना चष्म्याशिवाय एवढे बारीक अक्षर वाचता येईल का, हे त्या वेळात मनात आलेले असते.

छापील शुभेच्छापत्राची कुळकथा याच्या नेमकी उलट आहे. लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे लिहायला वेळ पुरेना. एक पेनीत पत्र पोचवणारी टपाल योजना १८४० मध्ये सुरू झाली होती आणि ती रुजवण्यात स्वतः कोल यांचाही हात होता. पत्रे स्वस्त झाली तसा त्यांचा ढीग वाढला. तेव्हा १८४३ मध्ये कोल यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. पहिले व्यापारी नाताळ कार्ड म्हणून आज तेच ओळखले जाते. वेळ वाचवण्यासाठीच ते जन्माला आले होते. तेव्हा मोबाइलवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांवर उगाच राग धरण्यात अर्थ नाही. ती कोल यांच्याच वंशातली आहेत, आणि एका दमात शंभर जणांची आठवण काढण्याचे काम ती चोख करतात. हाताने केलेल्या कार्डाचे घराणेच निराळे आहे. त्याची बरोबरी त्या चित्रांशी करायला नको.

त्याचे खरे नुकसान मोबाइलपेक्षा आपल्या शाळांनी आणि सोसायट्यांनी जास्त केले. हा आरोप कडू आहे, पण तो केलाच पाहिजे. भेटकार्ड बनवण्याची स्पर्धा ठेवायची, पहिले तीन क्रमांक काढायचे, बाकीची कार्डे फळ्याशेजारी आठवडाभर लावून मग रद्दीत घालायची, हा रिवाज आता पक्का झाला आहे. ज्या कार्डावर कोणाचेही नाव नाही ते भेटकार्ड कसले? ते परीक्षकासाठी केलेले असते. मग घरी आई-बाबा रात्री जागून ते करतात, दुकानातून तयार फुले, चकाकते मणी आणि चिकटवायची अक्षरे येतात, आणि ज्या मुलाला कात्री नीट धरता येत नाही ते दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकते की हे आपले काम नव्हे. चांगल्या हेतूने सुरू झालेली गोष्ट मुलांचा हात अशी मागे ओढते, हे पाहवत नाही.

देवाणघेवाणीत हे होत नाही. झुरिकमध्ये १९९७ साली एम. वांची स्टिर्नमन या कलावंताने पत्त्याच्या पानाएवढ्या, अडीच इंच बाय साडेतीन इंच मापाच्या, स्वतः केलेल्या शेकडो कार्डांचे प्रदर्शन मांडले. शेवटच्या दिवशी त्याने येणाऱ्यांना सांगितले की तुम्हीही एक कार्ड करून आणा आणि माझ्याशी बदला. त्यातून एक चळवळच उभी राहिली आणि देशोदेशी पसरली. तिचा मूळ नियम असा की ही कार्डे विकायची नाहीत, फक्त बदलायची. पट्टीचा चित्रकार आणि पहिल्यांदाच कुंचला धरणारा माणूस या व्यवहारात एकाच पातळीवर येतात. दोघांकडे एक कार्ड असते आणि दोघेही एक घेऊन घरी जातात. मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. तिळगूळ आपण असाच देतो. तुमचा लाडू गोल की चपटा हे कोणी मोजत नाही, आणि ज्याने दिला त्याच्या हातावर आपलाही ठेवला जातो.

मुलाच्या हातून दिलेली कृतज्ञता किती दूर जाऊ शकते, त्याचा एक दाखला याच विषयातला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यात युनिसेफची मदत पोचली. यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीला आभार मानायचे होते. कागद नव्हता, म्हणून तिने काचेच्या तुकड्यावर चित्र काढले: फिती बांधलेल्या खांबाभोवती नाचणाऱ्या मुली. शिक्षकांनी ते युनिसेफकडे पोचवले आणि १९४९ मध्ये तेच संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र झाले. पुढे या शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी निधी जमत राहिला. त्या मुलीने ते कोणाला दाखवायला काढले नव्हते, द्यायला काढले होते.

संक्रांतीचा आणखी एक पैलू आहे आणि तो फार नाजूक आहे. वर्षभरात काही बिनसलेले असते. भावाभावांत वाटणीवरून, शेजाऱ्यांत पाण्याच्या टाकीवरून, मैत्रिणींत एखाद्या शब्दावरून बोलणे थांबते. तिळगूळ देण्याचा रिवाज यासाठीही आहे. पण ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात जायला पाय उचलत नाही, फोन केला तर पहिले वाक्य सुचत नाही, आणि मोबाइलवरचा तयार लाडू पाठवला तर तो शंभरांतला एक म्हणून तिथेच राहतो. अशा वेळी हाताने केलेले कार्ड पाठवावे. त्यात खुलासा लिहू नये, झाल्या गोष्टीचा हिशेब काढू नये. समोरच्याचे नाव, आपले नाव आणि सणाचे दोन शब्द पुरेत. घेणाऱ्यालाही त्यात सोय असते. लगेच उत्तर द्यावे लागत नाही, टेबलावर ठेवून चार दिवस त्याच्याकडे पाहता येते. मनाला वळायला वेळ लागतो, आणि कागद तेवढा वेळ देतो.

पत्ता मात्र हवा. आज आपल्याला जिवलगांचे दूरध्वनी क्रमांक ठाऊक असतात, घराचा पत्ता नसतो. तो मागून घ्यावा, पिनकोडसकट. सहा आकड्यांची ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. कोकणात जन्मलेले वेलणकर संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी होते, शिवाय टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी. सारख्या नावाची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांमुळे होणारा घोळ त्यांच्या सहा आकड्यांनी सोडवला. आपले कार्ड धुळ्याहून सावंतवाडीला किंवा पणजीहून इंदूरला जाईल ते याच आकड्यांच्या आधाराने. हलवा घालायचा असेल तर तो कार्डावर चिकटवू नये, शिक्क्याने फुटतो. कागदाची चपटी पुडी करून घडीच्या आत ठेवावी. परदेशी खाण्याचा जिन्नस पाठवू नये, तिकडचे नियम आडवे येतात. तिथल्या लेकरांसाठी कागदाचा तिळगूळ पुष्कळ.

शाळांना आमची विनंती आहे की यंदा स्पर्धा ठेवू नये. वर्गातल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून प्रत्येकाने एक उचलावी आणि जे नाव येईल त्याच्यासाठी कार्ड करावे. सामान वर्गातच एकत्र ठेवावे: जुन्या पत्रिका, कॅलेंडरची पाने, खळीची वाटी, चार कात्र्या. काम शाळेच्या तासातच व्हावे, म्हणजे रात्रीची जागरणे टळतील. ज्याची चिठ्ठी आली त्याच्याशी कधीच बोलणे झाले नसेल, तर त्याला काय आवडते हे आधी विचारून यावे लागेल. ते अवश्य विचारू द्यावे, अर्धा उपक्रम तोच आहे. शिक्षकांनीही चिठ्ठी उचलावी आणि मुलांसारखेच खाली बसून कार्ड करावे. चिठ्ठ्यांमध्ये शाळेचे शिपाईकाका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि मुलांना ने-आण करणारे रिक्षावाले काका यांची नावेही घालावीत. संक्रांतीच्या दिवशी जमले नाही तर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि तिळगूळ चालतोच. कार्डेही तोवर देता येतील.