शरदातले प्रतिलेखन

अनंत चतुर्दशी होते, क्षमावणीचे कार्यक्रम आटोपतात आणि पावसाचा जोर ओसरतो. आश्विनाचे ऊन बोचू लागते. चार महिने दमट राहिलेल्या वास्तूला आता कोरडे होण्याची संधी मिळते. भिंतींची ओल, कपाटातला कुबट वास, डब्यातल्या धान्यात वळवळणारे टोके आणि माळ्यावरचा पसारा हे सारे याच दिवसांत एकदम नजरेस येते. पुढ्यात दिवाळी असल्यामुळे घरोघरी आवराआवर सुरू होते. जैन श्राविकेपुढे मात्र या कामात एक प्रश्न नेहमीच उभा असतो. घर स्वच्छ व्हायला हवे. पण त्या स्वच्छतेचे मोल मुक्या जीवांनी का द्यावे?

या प्रश्नाचे उत्तर साधुचर्येत सापडते. साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे नित्य निरखून पाहतात. आधी पाहावे, मग मृदू साधनाने हळुवार पुंजावे, मग उचलावे वा ठेवावे, असा तो क्रम आहे. यालाच प्रतिलेखन आणि प्रमार्जन म्हणतात. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समितीचा आशयही हाच. गृहस्थाला मुनींची चर्या पाळता येणार नाही. पण हा क्रम त्याला पाळता येतो. केरसुणी हाती घेण्यापूर्वी क्षणभर पाहावे, एवढीच त्याची सुरुवात आहे.

जाळी काढताना कोळी आत आहे का ते पाहावे. असल्यास त्याला कागदावर घेऊन बाहेर आडोशाला सोडावे. शेवाळ हे अनंतकाय मानले आहे. त्यामुळे ते आल्यावर खरवडण्यापेक्षा येऊच नये याची तजवीज अधिक महत्त्वाची. गळका नळ, तुंबलेली पन्हळ आणि गच्चीवरच्या भेगा यांची दुरुस्ती पावसाळा संपताच करून घेतली, तर पुढच्या वर्षीची हिंसा आजच टळते. झुरळांचेही तसेच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून भांडी घासून कोरडी ठेवली, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली आणि भिंतीच्या फटी बुजवल्या, तर विषारी फवारणीचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. रात्रिभोजनत्यागाचा हा एक घरगुती लाभ आहे.

धान्याच्या बाबतीत घाई अधिक नडते. टोके लागलेले गहू थेट भर उन्हात पसरले, तर गहू वाचतात आणि जीव होरपळतात. म्हणून धान्य प्रथम सावलीत अलगद चाळावे. चाळणीखाली आलेले जीव मूठभर धान्यासह कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावेत. मग निर्जंतुक झालेल्या धान्याला ऊन द्यावे आणि ते पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे. गरम धान्य भरल्यास आत वाफ धरते आणि सगळे श्रम वाया जातात. गहू-तांदळाला एरंडेलाचा हात लावणे, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे हे जुने उपाय आजही उपयोगी पडतात.

पिठाचाही विचार करावा. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस मानतात. हा ऋतुबदल आकाशाकडे पाहून ठरवायचा नसतो. तो चातुर्मासाच्या समाप्तीला, कार्तिकात होतो. त्यामुळे पाऊस थांबला, तरी तोवर पीठ थोडे थोडेच दळून आणावे. अनेक श्वेतांबर घरांत पालेभाज्याही कार्तिकी पौर्णिमेनंतरच परततात. त्याआधी आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत आयंबिलाची ओळी येते. त्या 9 दिवसांत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांवाचून एकवेळचे जेवण होते. फडताळातले किती डबे उघडलेच नाहीत, हे ओळी करणाऱ्या घराला तेव्हा आपोआप कळते.

इथून आवराआवरीचा दुसरा भाग सुरू होतो. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. शेत, घर, सोने-रुपे, धन-धान्य, वस्त्रे, भांडी यांची मर्यादा ज्याने त्याने ठरवायची असते. पण घरात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर मर्यादा कशाची ठरवणार? म्हणून कपाट आवरताना आधी मोजावे. साड्या किती, गोधड्या किती, डबे किती, हे वहीत लिहावे. वर्षभर हात न लागलेली वस्तू सुस्थितीत असेल, तर ती धुऊन, इस्त्री करून द्यावी. फाटके आणि विटके देणे याला दान म्हणत नाहीत. औषधांच्या पेटीतील मुदत संपलेली औषधे तर कोणालाही देऊ नयेत.

धर्मग्रंथांसाठी श्वेतांबर परंपरेने कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे ज्ञानपंचमी, राखून ठेवली आहे. पावसाळ्याची दमट हवा सोसलेले ग्रंथ त्या दिवशी बाहेर काढावेत, मऊ फडक्याने पुसावेत, नवी वेष्टने घालावीत. दिगंबर बांधवांची श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. तरीही शास्त्रांची ही देखभाल त्यांनी या दिवसांत करण्यास काहीच प्रत्यवाय नाही. तीर्थंकरांची चित्रे छापलेल्या लग्नपत्रिका आणि जुनी मासिके रद्दीत जाणार नाहीत, एवढी दक्षता दोघांनीही घ्यावी.

एवढे झाले की घर आवरले असे वाटते. पण सांगली-कोल्हापूरकडचे एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. माळ्यावर तांब्याचे एक जड घंगाळ आहे. आईच्या पश्चात वाटणीच्या दिवशी ते दोघा भावांना हवे होते. थोरल्याने ते ठेवून घेतले आणि धाकटा उंबरा ओलांडून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढे पाणी तापवण्याचे यंत्र आले आणि घंगाळ माळ्यावर चढले. दरवर्षी थोरला भाऊ क्षमावणीचा संदेश मोबाइलवरून शेकडो जणांना पाठवतो. त्या यादीत धाकट्याचे नाव नसते. दरवर्षी दिवाळीपूर्वी सून माळा झाडते, घंगाळ पुसते आणि पुन्हा जागेवर ठेवते.

अशी एखादी वस्तू पुष्कळ घरांत असते. कुठे ती शेताचा बांध असते, कुठे सोन्याची पाटली. आचार्य उमास्वातींनी मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीला, परिग्रह म्हटले आहे. वापरात नसलेल्या त्या घंगाळात पाण्याचा थेंब नाही. त्यात भरून राहिला आहे तो वर्षानुवर्षांचा कषाय. संवत्सरी उलटून गेल्यावरही क्रोध शिल्लक राहिला, तर तो आत्म्याला किती खोल बांधतो, हे प्रवचनांतून सर्वांनी ऐकलेले असते.

आश्विन अमावास्येला भगवान महावीरांचे पावापुरीला निर्वाण झाले. भगवंतांवरील स्नेहाचा धागा तुटला, तेव्हा गौतमस्वामींना केवलज्ञान झाले, असे परंपरा सांगते. जिथे प्रत्यक्ष भगवंतांवरचे ममत्वही सोडावे लागले, तिथे एका घंगाळाची काय कथा! यंदा सुनेने ते माळ्यावरून उतरवावे, चिंच लावून लख्ख करावे. आणि मंदिरात निर्वाणलाडू वाहून झाल्यावर थोरल्या भावाने ते स्वतः उचलून धाकट्याच्या दारी न्यावे. तिथे काही बोलायला सुचले नाही, तरी चालेल. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे वीर निर्वाण संवत सुरू होईल, तेव्हा माळ्यावरची ती जागा रिकामी असावी.