दहा मीटरची जागा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली भारताच्या वाट्याला आलेल्या सहा पदकांपैकी तीन नेमबाजांची होती आणि त्यांतली दोन एअर पिस्तुलाची. मनू भाकर हिने वैयक्तिक स्पर्धेत एक आणि सरबज्योत सिंग याच्या साथीने मिश्र सांघिक स्पर्धेत दुसरे पदक मिळवले. तिसरे पदक रायफलीचे. ते कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याचे. अशा यशामागून उत्साहाची लाट येते, शाळांच्या सभागृहांत आणि भाड्याच्या गाळ्यांत नेमबाजीचे वर्ग काढण्याचे बेत होतात, हे स्वाभाविक आहे. बंदूक म्हटली की कपाळावर आठ्या घालणाऱ्या मध्यमवर्गाने आपल्या मुलीच्या हाती पिस्तूल द्यावे, हा बदल लहान नव्हे. तथापि या उत्साहाला जागेचे माप लावून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

एअर पिस्तुलाची स्पर्धा दहा मीटरवर होते. साडेनऊवर नव्हे आणि आठवर तर नव्हेच. नेमबाजाला उभे राहायला आणि शिक्षकाला मागे वावरायला जागा हवी, लक्ष्यामागे छर्रे अडवण्याची व्यवस्था हवी. म्हणजे चौदा-पंधरा मीटर लांबीची खोली आली. तालुक्याच्या गावी अशी खोली चटकन मिळत नाही. मग जी मिळेल तिच्यात काम भागवले जाते, आणि दोन मीटरने असे काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो.

बिघडते ते असे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा पिस्तुलातून सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो आणि तेवढ्या अवधीत तो दोन सेंटिमीटरांहून अधिक खाली येतो. शिवाय नेम धरण्याची रेषा नळीच्या किंचित वर असते. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, ती म्हणजे पिस्तुलाचा नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरतच नाही. वर्तुळाच्या खाली पांढऱ्या कागदाची चीर दिसेल असा तो नेम धरतो, आणि छर्रा वर मध्यावर लागावा अशा बेताने मागची खाच स्क्रूने वर-खाली करून ठेवतो. हा सारा हिशेब दहा मीटरला बांधलेला आहे. तोच कागद आठ मीटरवर लावला की छर्रा मध्यापासून सात-आठ मिलिमीटर खाली उतरतो. लक्ष्यावरील एका कड्याची रुंदी आठ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक केवढा ते कळेल. पाच मीटरवर तोच फरक दोन-अडीच सेंटिमीटरांवर जातो आणि दहाच्या घरातला नेम सात-आठच्या घरात पडतो. लक्ष्य जवळ आले तर छर्रा वर लागेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात उलट घडते.

अशा खोलीतली मुलगी अर्थातच खाच फिरवून छर्रा मध्यावर आणते. पुढे जिल्हा स्पर्धेत खरे दहा मीटर समोर आले की तिचे छर्रे वर जाऊ लागतात. ही चूक सराव-नेमांत दुरुस्त करता येते, आणि नियमांनी त्यासाठी वेळही ठेवला आहे. अधिक घातक आहे ती गुणांची फसवणूक. हात जेवढा हलतो तेवढाच हलतो, पण आठ मीटरवर छर्ऱ्यांचा पसारा एक पंचमांशाने आकसतो. साठ नेमांचे तिथले गुण दहा मीटरवर टिकत नाहीत. मनू भाकर हिने पॅरिसच्या पात्रता फेरीत ५८० गुण केले. हा आकडा समोर ठेवून घरातली बचत विदेशी पिस्तुलावर ओतणाऱ्या पालकांना आपली फूटपट्टीच आखूड आहे हे कोणी सांगत नाही. आणि पहिल्याच खऱ्या स्पर्धेत गुण कोसळले म्हणजे दोष मुलीच्या मनोबलाला दिला जातो!

यावरचा तोडगा महाग नाही. आठ मीटरच्या खोलीत आठ-दशांश आकाराचा कागद लावला, तर डोळ्याला वर्तुळ दहा मीटरवरच्याइतकेच दिसते आणि खाच जवळजवळ फिरवावी लागत नाही. पाच मीटरवर निम्म्या आकाराच्या कागदालाही थोडीच दुरुस्ती पुरते. छर्रा मात्र लहान होत नाही. म्हणून अशा कागदावरचे गुण थोडे उदार असतात, ते वहीत वेगळे लिहावेत. खाच कुठल्या अंतराला किती क्लिक फिरवली, याचीही नोंद त्याच वहीत हवी.

खाचेची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा अंतिम फेरीला उभा राहिला, तेव्हा त्याच्या एअर रायफलीचा सराव-नेम चारच्या घरात गेला होता. साइट हलली होती. हाताशी असलेल्या थोड्या वेळात त्याने ती जागेवर आणली, पहिला गुण १०.७ नोंदवला आणि ७०० .५ गुणांनी सुवर्णपदक घेतले. आपल्या हत्याराचे माप त्याला पाठ होते, म्हणून ते साधले.

महाराष्ट्राला या खेळाची परंपरा आहे. अंजली भागवत, २०१० ची जगज्जेती तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबत ही नावे त्याची साक्ष देतात. पण बालेवाडीच्या रेंजवर पोचण्याआधी मूल जिथे वर्ष-दोन वर्षे घालवते, त्या खोलीची तपासणी व्हायला हवी. शासन वा संघटना मान्यता किंवा अनुदान देणार असेल, तर रेषेपासून लक्ष्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे. लक्ष्यावर स्पर्धेत १५०० लक्स प्रकाश लागतो. तो आहे की नाही, हेही त्याच भेटीत पाहावे, कारण अंधुक उजेडात वर्तुळाची कडा वेगळी भासते आणि नेम पुन्हा सरकतो. अंतर कमी असेल तर वर्ग बंद करण्याचे कारण नाही. भिंतीवर ते अंतर ठळक लिहावे, कागद त्या मापाचा लावावा, आणि तिथले गुण निवडीसाठी धरू नयेत.