डांबराचे दूध

पहिल्या आंघोळीला अंगभर तेल चोळून नुसते पाणी ओतले तर काय होते, हे घरातल्या चिमुरड्यांनाही ठाऊक असते. पाणी ओघळून जाते, तेल जागचे हलत नाही. उटणे किंवा साबण मध्यस्थीला आला, की मगच दोघांचा समेट होतो. आजची गोष्ट अशाच मध्यस्थाची. मात्र न्हाणीघरातली नव्हे, सडकेवरची.

खनिज तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो दाट साका उरतो, तेच आपले रस्त्याचे डांबर. खडीला नीट माखण्यासाठी ते सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. त्यात इंधन जळते आणि धूर मजुरांच्या छातीत जातो. यावर तोड म्हणून डांबराचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात घोळवतात. हे तपकिरी ‘दूध’ फारसे न तापवता शिंपडता येते. खडीवर पडले की ते फाटते. पाणी निघून जाते, डांबर दगडाला बिलगते आणि रंग काळा होतो.

सारी खुबी या फाटण्याच्या वेळेत आहे, हे गृहिणींना सांगायला नकोच! आधीच फाटले तर टाकीतच गोळे. उशीर झाला तर पावसाची सर सगळे धुऊन नेणार. ही वेळ सांभाळतो तो मध्यस्थ. तो बहुधा कारखान्यातले रसायन असतो. पण निसर्गाकडेही उमेदवार आहेत. लाकडाचे तंतू जखडून ठेवणारे लिग्निन हा त्यांतला एक. कागदगिरण्यांत लगदा करताना ते वेगळे होते आणि बहुतेक भट्टीतच जाते. त्यावर प्रक्रिया केली, की ते थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवते. सावकाश फाटणाऱ्या दुधात त्याचा उपयोग होतो.

मात्र पाण्याशी सलगी करणारा मध्यस्थ रस्त्यात मुरून राहिला, तर तोच पुढे पाण्याला वाट देऊ शकतो. आणि आपल्याकडचा पावसाळा काही लेचापेचा नाही. म्हणून प्रयोगशाळेतले यश पुरत नाही, रस्त्यावर पावसाळे काढावे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर मार्गावर डांबरातच लिग्निन मिसळून केलेला एक तुकडा खुला झाला. त्यात लिग्निनचे काम वेगळे, पण परीक्षक तोच.

तो परीक्षक दरवर्षी जूनमध्ये येतो, आणि त्याच्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही!